तेरियाकी चिकनसाठी एअर फ्रायर: चिकन उत्तम भाजतो, सॉस मात्र कढईतच करा

चार लिटरचा, ड्रॉवरवाला, १४०० वॉटचा एअर फ्रायर तेरियाकी चिकनसाठी, म्हणजे सोया सॉस आणि साखरेच्या लेपातल्या जपानी पद्धतीच्या चिकनसाठी, घ्यावा का? घ्यावा, पण तो अर्धंच काम करणार हे धरून. चिकन तो फार छान भाजतो. आत रसाळ, बाहेरून खरपूस, तेही चमचाभर तेलात आणि गॅससमोर उभं न राहता. तेरियाकीचा तो चकचकीत, बोटाला चिकटणारा लेप मात्र त्याला जमत नाही. लेप सॉस आटवण्यातून तयार होतो आणि जाळीवर काही आटत नाही, फक्त गळतं. म्हणून सॉस छोट्या कढईत, चिकन यंत्रात आणि दोघांची गाठ शेवटच्या चार मिनिटांत. हा क्रम पाळला तर घरचं तेरियाकी हॉटेलातल्यापेक्षा कमी गोड आणि जास्त चवदार होतं. सगळं एकत्र कालवून बास्केटमध्ये टाकलं तर वरून काळं, मधे फिकं आणि खाली जळका पाक अशी गत होते.

हे असं का होतं, ते यंत्राच्या रचनेत आहे. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात एअर फ्रायर पहिल्यांदा मांडला. तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व तेच आहे: वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. गरम हवा जोरात फिरते, चिकनच्या पृष्ठभागावरचं पाणी झपाट्याने उडतं आणि कवच लवकर लालसर होतं. तळणं म्हणतात, पण हा छोट्या जागेतला पंख्याचा ओव्हनच आहे. कॉइल चिकनपासून फार लांब नसते, त्यामुळे वरचा भाग खालच्यापेक्षा आधी रंगतो. साधी साखर १६० ते १७० अंशांच्या पुढे कॅरॅमल होऊ लागते, मधातलं फ्रुक्टोज तर ११० च्या आसपासच. २०० अंशांच्या वाऱ्यात साखरेचा पातळ थर पाच-सहा मिनिटांत करपतो. चिकन शिजायला पंधरा तरी लागतात. लेप आधी लावला की हिशोब इथेच चुकतो.

आता चिकन. पुण्यात कोणत्याही चिकन सेंटरवर नुसतं 'बोनलेस द्या' म्हटलं की छातीचं मांस मिळतं. तेरियाकीला ते दुय्यम आहे. हवं ते लेग बोनलेस, त्यातही मांडीचा भाग, आणि शक्य असेल तर कातडीसकट. आपल्याकडे कातडी काढूनच द्यायची पद्धत आहे, म्हणून कापायच्या आधी सांगावं लागतं: 'स्किन ठेवा, हाड काढा, तुकडे करू नका.' कॅम्पातल्या शिवाजी मार्केटसारख्या ठिकाणी हे सहज समजतं. गल्लीतल्या दुकानात गर्दीच्या वेळी, विशेषतः रविवारी सकाळी, हाड काढून मागितलं तर घाईत मांसाच्या चिंध्या होतात. आदल्या दिवशी संध्याकाळी गेलेलं बरं. काढलेली हाडं मागून घ्या, सूपला उपयोगी पडतात.

मांडीच का? तिच्यात चरबी आणि संयोजी ऊती जास्त असतात. आतलं तापमान ७४ अंशांना पोचलं की चिकन खायला सुरक्षित होतं, पण मांडी ८० अंशांपर्यंत गेली तरी कोरडी पडत नाही, उलट अधिक मऊ होते. छातीचं मांस ७४ च्या पुढे थोडंसं गेलं तरी दाताखाली चोथा. वाऱ्याच्या यंत्रात दोन मिनिटं इकडेतिकडे होतातच, आणि ती चूक मांडी पचवते. छातीचंच करायचं असेल तर अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, १८० अंश, आठ-नऊ मिनिटं, लेपाच्या वेळेसकट. सुई टोचून आतलं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर मिळतो. एअर फ्रायरवर पैसे घालवणाऱ्याने तोही घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. काचेतून रंग बघून आतलं काही कळत नाही.

चार लिटर म्हणजे किती, यावरही बोलायला हवं, कारण खोक्यावरच्या आकड्याने फसायला होतं. लिटर हे घनफळ आहे. तेरियाकीला लागतो तो तळ, कारण तुकडे एकाच थरात आणि मधे बोटभर अंतर ठेवून मांडावे लागतात. या आकारात साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे मांडीचे चार तुकडे बसतात. त्याहून जास्त भरलं की तुकड्यांमधली वाफ अडते आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. फिकट, पाणी सुटलेलं चिकन ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे दहापैकी नऊ वेळा बास्केट गच्च भरलेली असते. चार-पाच जणांच्या घराला एक किलो लागेल, म्हणजे दोन खेपा. तेव्हा दोन्ही खेपा लेपाशिवाय भाजून घ्याव्यात आणि लेप शेवटी सगळ्यांना एकदम द्यावा. पहिली खेप लेप लावून ठेवली तर दुसरी होईपर्यंत तिचं कवच ओलं होऊन सुटतं.

सॉसकडे वळू. तेरियाकीचा मूळ सॉस सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड जपानी वाइन), साके (तांदळाची जपानी दारू) आणि साखर एवढ्याचाच असतो. लसूण, मध, तीळतेल हे अमेरिकेकडून आलेले पाहुणे. चवीला वाईट नाहीत, पण त्यांच्याशिवाय काही अडत नाही. आयात किराणा ठेवणाऱ्या दुकानांत, उदाहरणार्थ कॅम्पातल्या दोराबजीसारख्या ठिकाणी, जपानी पद्धतीच्या सोया सॉसची चौकशी जरूर करावी. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे जपानी मंडळी पुण्यात बऱ्यापैकी राहतात, त्याचा फायदा अशा कपाटांना होतो. मिरिन घेताना लेबल वाचा. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं. 'मिरिनसारखं' म्हणून विकलं जातं ते बहुधा ग्लुकोज सिरपवर बनलेलं असतं आणि जास्त गोड असतं. ते वापरलं तर पाककृतीतली साखर निम्मी करा.

मिरिन नसेल तरी हरकत नाही. अर्धा किलो चिकनला पुरून थोडा उरेल असा सॉस असा: ६० मिली सोया सॉस, ६० मिली पाणी, तीन मोठे चमचे साखर (साधारण ३८ ग्रॅम), दोन छोटे चमचे राइस व्हिनेगर आणि एक इंच आलं, किसून त्याचा फक्त रस. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ चा. आल्याचा चोथा घालू नका, लेपात राहिला की आधी तोच करपतो. हे सगळं मध्यम आचेवर आटवून सुमारे १०० मिलीवर आणा. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि त्यावरून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद. एकतारी पाकाच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं, कारण थंड झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. कॉर्नफ्लोअर लागलंच तर अर्धा छोटा चमचा, गार पाण्यात कालवून. त्याहून जास्त घातलं की चमक जाऊन सॉस चायनीज ग्रेव्हीसारखा गढूळ दिसतो.

इथे सोया सॉस कोणता, हाच कळीचा प्रश्न आहे. किराणा दुकानात मिळणारा गडद सोया सॉस अनेकदा कॅरॅमल रंगाने काळा केलेला असतो. तो आटवला की कडवट आणि खूप खारट होतो. घटकांच्या यादीत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तर तो आंबवून केलेला आहे असं समजायला हरकत नाही. अशा सॉसमध्येही मीठ १६ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून चिकनला वेगळं मीठ अगदी बेताचं. घरात गडद सोयाच असेल तर तो फक्त दोन मोठे चमचे घ्या आणि उरलेली जागा पाण्याने भरा. साखरेऐवजी गूळ चालतो का, असं हमखास विचारलं जातं. चव छान येते, पण लेप धूसर होतो, आणि गुळात फ्रुक्टोज-ग्लुकोजचं प्रमाण साखरेपेक्षा जास्त असल्यामुळे तो लवकर करपतो. गूळ वापरला तर शेवटची भाजणी १८० ऐवजी १६० अंशांवर करा.

तयार तेरियाकीच्या बाटल्या दोन प्रकारच्या येतात. पातळ ती मुरवणासाठी, दाट ती वरून लावायला. पातळ बाटली थेट चिकनवर ओतली तर सगळं खाली गळतं. ती आधी निम्मी आटवावी लागते. दाट बाटलीत साखर आणि स्टार्च भरपूर असतो, म्हणून तिलाही शेवटच्या चार मिनिटांचाच नियम. घरी सॉस करायला दहा मिनिटं लागतात. बाटलीची शिफारस आम्ही घाईच्या दिवसापुरतीच करू.

आता प्रत्यक्ष कृती. चिकन धुतलं असेल किंवा फ्रिजमधलं असेल तर किचन पेपरने चांगलं कोरडं करा. पाणी राहिलं तर पहिली पाच मिनिटं ते वाफवण्यातच जातात. फ्रोझन चिकन आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा आणि सुटलेलं पाणी फेका. जाड भागावर सुरीने उथळ चिरा देऊन तुकडा सगळीकडे दोन सेंटिमीटरच्या आसपास सारखा करा. वर एक मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा तेल, चिमूटभर मिरपूड. साखर नाही, मध नाही. वीस मिनिटं पुरे. रात्रभर सोयात ठेवलं तर मिठाने मांस घट्ट होतं आणि भाजल्यावर खारवलेल्या मांसासारखं लागतं.

यंत्र १८० अंशांवर तीन मिनिटं रिकामं तापवा. तुकडे कातडीची बाजू खाली ठेवून आठ मिनिटं. मग उलटून कातडी वर, सहा मिनिटं. कातडी असेल तर याच टप्प्याच्या शेवटी दोन मिनिटं २०० अंश. ती कुरकुरीत होते ती इथेच, लेप लागल्यावर होत नाही. आता थर्मामीटर टोचा. ७४ दिसायला हवेत, ७८ असतील तर आणखी छान. ब्रशने वरच्या बाजूला सॉसचा पातळ थर, १८० अंशांवर दोन मिनिटं. बाहेर काढून दुसरा थर, आणखी दोन मिनिटं. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी चांगले: पहिला चिकटतो, दुसरा चमकतो. पाच मिनिटं ताटात विसावू द्या, मग आडवे बोटभर रुंद तुकडे कापा आणि उरलेला गरम सॉस वरून सोडा. छोट्या यंत्रात कॉइल जवळ असते, तिथे लेपाची वेळ दीड-दीड मिनिटावर आणा. पहिल्यांदा करताना मिनिटाला एकदा ड्रॉवर उघडून बघा. त्याने तापमान थोडं उतरतं, पण काळा लेप दुरुस्त करता येत नाही.

बहुतेक पाककृतींत एक गोष्ट सुटते. तव्यावर तेरियाकी करताना चिकनचा सुटलेला रस आणि तळाला लागलेला खरपूस भाग सॉसमध्ये मिसळतो, आणि निम्मी चव तिथून येते. एअर फ्रायरमध्ये तो रस जाळीखाली जमतो आणि घासताना वाया जातो. तो टाकू नका. चौदा मिनिटांनी, लेप लावायच्या आधी, ड्रॉवरमधला रस वाटीत ओता, वरची चरबी चमच्याने काढा आणि खालचा गडद रस सॉसच्या कढईत घालून मिनिटभर उकळा. चिकनला आधी साखर न लावण्याचं हे दुसरं कारण: साखर असती तर हा रस जळून कडू झाला असता. एवढ्या एका गोष्टीने यंत्रातल्या आणि तव्यावरच्या तेरियाकीतला फरक बराच मिटतो. ज्या भांड्यात कच्चं चिकन मुरत होतं, त्यातला सोया मात्र खळखळून उकळल्याशिवाय सॉसमध्ये घालू नये.

धुराबद्दल थोडं. कातडीसकट मांडी २०० अंशांवर भाजली की चरबी ड्रॉवरच्या तळावर पडून धुरते. बंद स्वयंपाकघरात ते त्रासदायक होतं. उपाय म्हणून तळाशी पाणी ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत ड्रॉवरमध्ये द्रव भरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या यंत्राची पुस्तिका पाहूनच ठरवा. लोंबणारी चरबी आधी कापून टाकणं आणि मधेच रस ओतून घेणं, एवढ्याने धूर पुष्कळ कमी होतो. कागदी लायनर वापरायचा तर भोकं असलेला, आणि तोही चिकनच्या वजनाखालीच. यंत्र रिकामं तापवताना कागद आत ठेवला तर वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. अॅल्युमिनियम फॉइलने संपूर्ण जाळी झाकली तर हवा फिरायचीच थांबते.

विजेचंही एक सांगायचं राहिलं. १४०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टला सहा अँपियरच्या थोडं वर ओढतं. मिक्सरच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ते लावू नये. फ्रिज किंवा गीझरला असतो तसा १५-१६ अँपियरचा पॉइंट हवा. जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत ओट्याजवळ असा पॉइंट नसतो, तेव्हा यंत्र घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. मागे आणि बाजूंना दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. वीस मिनिटांच्या एका खेपेला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते, महावितरणच्या बिलात ते फारसं जाणवत नाही.

साफसफाई हा या पदार्थाचा खरा जाच. जाळीवर पडलेला सॉस थंड झाला की दगड होतो. चिकन काढल्या काढल्या प्लग काढा, ड्रॉवर थोडा निवू द्या, मग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून अर्धा तास सोडा. मऊ स्पंजने निघतं. तारेची घासणी लावली तर कोटिंग जातं, आणि एकदा ते गेलं की तिथेच दर वेळी चिकन चिकटतं. लोखंडी चिमटाही नको, लाकडी किंवा सिलिकॉनचा वापरा. कॉइलवर उडालेले सॉसचे थेंब यंत्र पूर्ण गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. ते तसेच राहिले तर पुढच्या वेळी केकलाही सोयाचा वास येतो.

सोबतीला भात इंद्रायणीचा करा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण शिजल्यावर किंचित चिकट होतो, तेरियाकीचा सॉस धरून ठेवतो आणि चॉपस्टिकने उचलताही येतो. बासमती इथे चालत नाही: दाणे सुटे, सॉस तळाला. आंबेमोहोरही छान, फक्त त्याचा वास सॉसवर थोडी कुरघोडी करतो. भाजलेले पांढरे तीळ, बारीक कापलेली कांद्याची पात आणि मीठ-साखर-व्हिनेगर लावून पंधरा मिनिटं ठेवलेली काकडी. आंबट काहीतरी हवंच, नाहीतर तिसऱ्या घासाला गोडवा जड होतो. उरलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. पुन्हा गरम करताना १६० अंशांवर चार-पाच मिनिटं आणि सॉस नंतर.

हे यंत्र कोणी घेऊ नये? घरात पंखा असलेला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल त्याने. तापायला दहा मिनिटं जास्त लागतील, पण २०० अंश, वरचा रॅक, तीच कृती, आणि एका ट्रेवर एक किलो एकदम. पाच माणसांच्या घराला तोच सोयीचा. दोन-तीन माणसं, छोटा ओटा, संध्याकाळी सातला घरी येऊन आठला जेवायचं, अशांना एअर फ्रायर खरोखर उपयोगी आहे. या आकाराच्या यंत्रांच्या किमतींत बराच फरक असतो. वरच्या किमतीत टच पॅनेल आणि 'चिकन'चं बटण मिळतं. त्या बटणाचा तेरियाकीला काही उपयोग नाही, कारण त्याचं ठरलेलं तापमान साखरेचा विचार करत नाही. गोल फिरवायचे दोन नॉब असलेलं साधं यंत्र पुरतं. दुकानात गेल्यावर ड्रॉवर बाहेर काढून तळ हाताने मोजा: वीत भर लांब-रुंद चौकोनी तळ गोल तळापेक्षा चांगला, चौथा तुकडा त्यातच बसतो. जाळी वेगळी निघते का ते बघा, आणि ती खराब झाल्यावर सुटी विकत मिळते का, सर्व्हिस सेंटर पुण्यात कुठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.